तू ढ झालेली नाहीस

अगं, परवा फोनवर बोलता बोलता तू सहज म्हणून गेलीस, "ताई, मी इथे येऊन ढ झाले गं," आणि लगेच मराठी मंडळाच्या नाचाचा विषय काढलास. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण आई शेजारीच आहे हे तुझ्या आवाजावरून कळत होतं. आता निवांत बोलू या. यातलं आईला काय सांगायचं आणि काय नाही, ते तुझं तू ठरव.

नाशिकला आठवीपर्यंत तू पहिल्या तिनात असायचीस. बाई तुझी वही दुसऱ्या तुकडीत दाखवायला न्यायच्या. इथे न्यू जर्सीत थेट नववीत आलीस आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात, ईएसएलमध्ये, जाऊन बसलीस. इतिहासाच्या चाचणीत प्रश्न दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत वेळ संपते. विज्ञानाच्या गटात उत्तर तुला आधी सापडलेलं असतं, पण वाक्य मनात जुळवेपर्यंत बाकीची मुलं पुढच्या प्रश्नावर गेलेली असतात. मग तू गप्प बसतेस. गप्प बसलीस की शिक्षकांना वाटतं हिला येत नाही, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हळूहळू तुलाही तेच वाटायला लागतं. मी इथल्याच एका हायस्कुलात समुपदेशक आहे, आणि दर सप्टेंबरात अशा मुली माझ्यासमोर येऊन बसतात. कोणी ग्वाटेमालाची, कोणी इजिप्तची, कोणी मेहसाण्याची. आपापल्या गावी हुशार म्हणून नाव असलेल्या. प्रत्येकीला वाटत असतं की फक्त आपलंच असं झालंय.

तर पहिली गोष्ट. कॅनडात जिम कमिन्स नावाचे भाषेचे अभ्यासक आहेत. त्यांनी टोरांटोच्या शाळांतल्या स्थलांतरित मुलांची माहिती तपासली आणि १९८१ साली मांडलं की मैदानावर, कँटीनमध्ये, मैत्रिणींशी बोलण्यापुरतं इंग्रजी मुलांना साधारण दोन वर्षांत येतं. पण इतिहासाचं पुस्तक वाचून त्यावर निबंध लिहिण्याचं इंग्रजी इथल्या मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. पाच ते सात, राणी! आणि तू पहिल्याच वर्षी स्वतःला नापास करून मोकळी झालीस. यात आणखी एक मेख आहे, ती आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या वर्षी तू फाडफाड बोलायला लागशील. तेव्हा सगळे म्हणतील, आता हिला इंग्रजी आलं, आता हिला मदत कशाला? आणि पेपरात मार्क मात्र मागेच राहतील. त्या वेळी "बोलता तर येतंय, मग कमी आहे ती अक्कलच" असा हिशेब अजिबात मांडायचा नाही. बोलणं पुढे आणि लिहिणं मागे, असा तो काळच असतो.

आता गणित. तुझी आई म्हणाली की तुला अल्जेब्रा वन परत करायला बसवलंय, जे तू नाशिकला जवळजवळ संपवलं होतंस. हे मला मुळीच पटलेलं नाही. तुझं इंग्रजी कच्चं आहे, बीजगणित कच्चं नाही. इथल्या कामाच्या धबडग्यात नवीन मुलीच्या बाबतीत हे फार सहज होतं. कोणी मुद्दाम करत नाही, पण नववीत गणिताची जी पायरी मिळते त्यावरून बारावीला कॅल्क्युलसपर्यंत पोचणार की नाही हे बरंचसं ठरून जातं. म्हणून विचारायचं. विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी घरांतल्या सुमारे १,८०० मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा त्यासाठी काहीच करत नव्हत्या. त्या पालकांनी दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७४ साली 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तेच बाक दिले म्हणजे समान शिक्षण झालं असं नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याला ते शिक्षण मिळालेलंच नसतं. तू ज्या ईएसएलच्या वर्गात मान खाली घालून बसतेस ना, त्याच्या मागे हे भांडण आहे. ती कुणी तुझ्यावर केलेली मेहरबानी नाही, आणि शिक्षा तर नाहीच. कुणाच्या तरी आईवडिलांनी कोर्टात उभं राहून मिळवलेला तो हक्क आहे. त्या वर्गातून जेवढं घेता येईल तेवढं घे.

तू म्हणशील, ताई, हे सगळं ठीक आहे, एकदा मार्क वर आले की मला बरं वाटेल. इथेच मला तुला थोडं थांबवायचंय.

स्वतःबद्दल आपल्याला काय वाटतं हे मोजण्यासाठी मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने एक छोटी प्रश्नावली तयार केली. फक्त दहा विधानं. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातल्या पाच हजारांहून जास्त हायस्कुली मुलांना ती देऊन त्याने १९६५ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि आजही जगभर तीच वापरतात. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. आपण इतरांपेक्षा भारी आहोत असं वाटणं त्याने आत्मसन्मानात धरलंच नाही. आपण माणूस म्हणून पुरेसे आहोत, इतरांच्या बरोबरीचे आहोत, एवढं वाटलं की पुरे. पहिला नंबर त्यात कुठेच येत नाही.

आणि आता आपल्याच मुलांचं बघ. मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून दरवर्षी अमेरिकाभरच्या शाळकरी मुलांची पाहणी करतं. त्यातून असं दिसलं की स्वतःबद्दल सगळ्यात चांगलं वाटतं ते कृष्णवर्णीय मुलांना, आणि सगळ्यात कमी आशियाई मुलांना. ज्यांचे मार्क सरासरीने सगळ्यात वर असतात त्यांनाच. म्हणजे मार्क आले की मनाला बरं वाटेल, हा हिशेब आपल्याच घरांत जुळत नाही. उलट बाजूही सांगते. १९८६ साली कॅलिफोर्नियाने आत्मसन्मान वाढवण्यासाठी खास समितीच नेमली, आणि मग देशभर शाळांतून "तू खास आहेस"चा पाऊस पडला. पुढे रॉय बॉमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून २००३ साली दाखवलं की नुसतं कौतुक करून मार्क वाढत नाहीत. उलट, काही जमलं की त्यातून स्वतःबद्दल थोडं बरं वाटतं. म्हणून मी तुला आरशासमोर उभं राहून "मी हुशार आहे" म्हणायला सांगणार नाही. तुझाही त्यावर विश्वास बसणार नाही. त्यापेक्षा एक गणित सोडव, एक परिच्छेद धडपडत का होईना पूर्ण कर. जमलेल्या कामाचा विश्वास टिकतो.

मंडळात गेलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे. कुणाच्या मुलाला प्रिन्स्टन मिळालं, कुणाची मुलगी सातवीत एसएटी देऊन आली. मग कुणीतरी स्पेलिंग बीचा विषय काढतंच. खरंय, १९८५ साली बालू नटराजन जिंकला तेव्हापासून आपल्या मुलांनी ती स्पर्धा गाजवलीय. २०१९ मध्ये आठ जण एकत्र विजेते ठरले त्यांतले सात भारतीय वंशाचे होते. मला त्या मुलांच्या मेहनतीचा मनापासून आदर आहे. पण "आपल्या रक्तातच हुशारी आहे" असं कोणी म्हटलं की मी गप्प बसत नाही, आणि तूही ते मनावर घेऊ नकोस. १९६५ चा स्थलांतराचा कायदा आणि नंतरचा एच-वन व्हिसा यांनी भारतातून निवडून निवडून शिकलेली माणसं इथे आणली. इंजिनियर, डॉक्टर, पदव्युत्तर शिकलेले. त्यांच्या घरी पुस्तकं असतात, शिकवणीला पैसे असतात, कॉलेजचा अर्ज कसा भरायचा हे माहीत असलेली ओळखीची माणसं असतात. मुलं पुढे जातात त्यात याचा मोठा वाटा आहे. आणि ज्यांच्याशी तू स्वतःला ताडून बघतेस ती बहुतेक इथेच जन्मली, पाळण्यापासून इंग्रजी ऐकत वाढली. तुझी आणि त्यांची शर्यत एकाच रेषेवरून सुरू झालेलीच नाही, मग रोज रात्री निकाल कसला लावतेस?

घराबद्दल बोलायला मला जरा अवघड जातंय, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

अलेहांद्रो पोर्टेस आणि रूबेन रुम्बाउट, दोघेही मूळचे क्यूबाचे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी १९९२ साली मायामी आणि सॅन डिएगोच्या परिसरात स्थलांतरितांच्या पाच हजारांहून जास्त मुलांना गाठलं. तुझ्याच वयाची, आठवी-नववीतली. ७७ देशांतून आलेल्या घरांतली. पुढे ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. स्वतःबद्दल वाईट वाटण्याशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट कोणती निघाली असेल? तिथे गरिबी किंवा शाळेतली टवाळी पहिली आली नाही. पहिली आली ती आईवडिलांशी होणारी भांडणं. आणि दोन्ही भाषा नीट सांभाळणाऱ्या मुलांचं चांगलं चाललेलं दिसलं, अभ्यासातही आणि मनातही.

तुमच्या घरात गेल्या काही महिन्यांत काय चाललंय ते मला दिसतं. आई नाशिकला शाळेत शिकवत होती, वर्ग सांभाळत होती. इथे ती एच-फोरवर, म्हणजे बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आली. बाबांच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत पोचल्याशिवाय तिला नोकरीचा परवानाच मिळत नाही; २०१५ पर्यंत तर तेवढीही सोय नव्हती. विचार कर, रोज चाळीस मुलं जिचं ऐकत होती तिचं दिवसभर ऐकायला आता कोणी नाही. तिच्या हातात करण्यासारखं एकच काम उरलंय, ते म्हणजे तू. म्हणून ती शाळेचं पोर्टल उघडून दिवसातून चारदा तुझे ग्रेड बघते. तुला वाटतं ती तुझ्यावर पहारा ठेवतेय. मला वाटतं ती स्वतःची नोकरी शोधतेय. हे कळलं म्हणून तिचा धाक सहन कर असं मी म्हणणार नाही. मी तिच्याशीही बोलणार आहे, की पोर्टल आठवड्यातून एकदाच, रविवारी, दोघींनी मिळून बघायचं. तेवढं तिने ऐकायलाच हवं.

पण तुझ्याकडूनही मला एक हवंय. तुझं इंग्रजी आईच्या पुढे जाईल, फार दिवस लागणार नाहीत. मग भांडण मराठीत सुरू होईल आणि मध्येच तू इंग्रजीत घुसशील, भराभर, आणि तिला उत्तर सुचेपर्यंत तुझ्या खोलीचं दार लागलेलं असेल. मी हे घराघरांत बघितलंय. विज्ञानाच्या गटात तुझ्यासोबत जे होतं ना, वाक्य जुळवेपर्यंत सगळे पुढे निघून जातात, तेच तू घरी तिच्याशी करशील. तेव्हा भांडायचं असेल तर खुशाल भांड, पण मराठीत भांड. तिला बरोबरीने बोलता येईल असं भांड. आणि मराठी लिहायला विसरू नकोस. इथे बारावी होताना दोन भाषा चांगल्या येत असल्या तर डिप्लोम्यावर 'सील ऑफ बायलिटरसी' मिळते. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये ती सुरू केली, मग न्यू जर्सीनेही आणली. मराठीसाठी तुझ्या शाळेत काय करावं लागेल ते आत्ताच विचारून ठेव. नाशिकची आठ वर्षं कागदावर दिसू देत.

आता टिकलीचं. शाळेच्या बसमध्ये चढायच्या आधी तू ती काढतेस, हे मला माहीत आहे. लावायची की नाही हा सर्वस्वी तुझा प्रश्न आहे, मी लावच म्हणणार नाही. फक्त ती काढताना लाज तुझ्याकडे घेऊ नकोस. इथून जवळच, जर्सी सिटीत, १९८७ साली काही पोरांनी टोळी करून स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेतलं होतं. कपाळावरच्या कुंकवावरून ते नाव. त्या दहशतीच्या दिवसांत नवरोज मोदी या तरुणाला मारहाण करून ठार मारलं गेलं. तेव्हा इथले आपले लोक घाबरून घरात बसले नाहीत, रस्त्यावर उतरले. आज तू ओक ट्री रोडवर निर्धास्त पाणीपुरी खातेस, त्याच्या आधी हे सगळं होऊन गेलंय. कुणी तुझ्या कपाळाकडे, डब्याकडे, उच्चारांकडे बघून तोंड वाकडं केलं तर दोष त्या बघण्यात असतो.

आणि असं बघणं डोक्यात शिरलं की हातातलं कामसुद्धा बिघडतं, यावरही अभ्यास झालेत. क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांनी १९९५ साली स्टॅनफर्डच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ही बुद्धीची परीक्षा आहे असं सांगितलं तर कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडायचे. तेच प्रश्न नुसता सराव म्हणून दिले की अंतर कमी व्हायचं. हा परिणाम नेमका किती मोठा, यावर पुढे बरेच वाद झाले. पण मला जास्त जवळचा वाटतो तो आपल्याकडचा प्रयोग. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, सुटलेल्या कोड्यामागे पैसे. ३२१ मुलं वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींतली, ३२१ दलित. कुणाची जात कुणी काढली नाही तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच कोडी सोडवत होती. मग काही गटांत सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली. लगेच दलित मुलं मागे पडली. मुलं तशीच, कोडी तशीच.

हे वाचलं तेव्हा मला नाशिककडची एक गोष्ट आठवली. द्राक्षांच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडला मजुरीला येणारी घरं तुझ्या परिचयाची असतील. त्यांची मुलं मध्येच वर्गात यायची, शेवटच्या बाकावर बसायची, हंगाम संपला की जायची. त्यांची बोली वेगळी म्हणून पोरं हसायची. तू हसली असशील असं मी म्हणत नाही. पण बाई त्या मुलांना "ढ" म्हणायच्या तेव्हा आपल्याला ते खरंच वाटायचं, की नाही? आता तू त्या बाकावर बसलीयस, तेव्हा त्यांचं गप्प बसणं तुला आतून कळेल. हे कळणं फार मोलाचं आहे, ते हरवू देऊ नकोस. तुझ्या ईएसएलच्या वर्गातली ती होंडुरासची मुलगी, जिच्याशी कोणीच बोलत नाही, तिच्याजवळ उद्या जाऊन बस. तिच्या घरी प्रिन्स्टनच्या गप्पा होत नसतील, कदाचित आई दोन नोकऱ्या करत असेल. तुम्हा दोघींना एकमेकींचं मोडकंतोडकं इंग्रजी न हसता ऐकता येईल.

एक कागदाची बाब राहिली. पुढच्या वर्षी वर्गातल्या मुली आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागतील, स्वतःचे पैसे कमावतील. तुला एच-फोरवर ते करता येणार नाही. कॉलेजला केंद्र सरकारची मदतही मिळणार नाही, आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की बाबांच्या व्हिसावरून तुझं नाव निघेल. हे कळल्यावर आमच्याकडची एक मुलगी म्हणाली होती, मग अभ्यास तरी कशाला करू? तुझ्याही मनात ते येईल. बाबांना आत्तापासून वकिलाला विचारायला सांग, वयाच्या हिशेबात कायद्याने काय सवलत बसते ते. हे मोठ्यांचं काम आहे, तू रात्री जागून त्याची काळजी करायची नाही. आणि जागरण फारच व्हायला लागलं, जेवण जाईना, नसलेलंच बरं असं मनात यायला लागलं, तर त्याच क्षणी मला फोन. मी नाही उचलला तर ९८८ या हेल्पलाइनला लाव, रात्री-अपरात्रीही तिथे बोलायला माणूस असतं.

तर या आठवड्यात तीन कामं. सोमवारी तुझ्या समुपदेशकांना ईमेल कर, चार ओळींचा, की नाशिकची गणिताची प्रगतिपुस्तकं आणि पुस्तकाची अनुक्रमणिका आणतेय, मला पुढच्या वर्गासाठी चाचणी द्यायची आहे. मसुदा मराठीत लिहिलास तरी चालेल, आपण दोघी मिळून इंग्रजी करू. परीक्षेत शब्दकोश आणि जास्तीचा वेळ मिळेल का, तेही त्याच ईमेलात विचार. दुसरं, विज्ञानाच्या गटात पहिलं वाक्य तू बोलायचं, आदल्या रात्री तयार करून नेलेलं. चर्चा रंगायच्या आधी बोललीस की पाठलाग करावा लागत नाही. आणि तिसरं, एखाद्या मोठ्या चाचणीच्या आधी पंधरा मिनिटं बसून तुला काय मोलाचं वाटतं ते वहीत लिही. आजी, तबला, नदी, काहीही, कुठल्याही भाषेत. जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांकडून असं लिहून घेतलं होतं, २००६ मध्ये ते छापून आलं, आणि कृष्णवर्णीय मुलांचे त्या विषयातले ग्रेड सुधारले. नंतर इतर शाळांत कुठे फरक पडला, कुठे पडला नाही. तुझ्या बाबतीत काय होतं ते बघू. पंधरा मिनिटांचाच तर प्रश्न आहे.

शाळेने गणिताच्या चाचणीला नाही म्हटलं तर नाराज होऊन परत येऊ नकोस. कारण लेखी मागून घे आणि मला पाठव, पुढचं पत्र आईच्या नावाने जाईल. ती शिक्षिका आहे, मुलांची बाजू शाळेसमोर कशी मांडायची हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.